गुणपत्रिका नसलेली परीक्षा

परीक्षा हा शब्द आपल्या घरांत नेहमी गुणांचे बोट धरूनच येतो. मूल पेपर देऊन उंबरठ्यात पाऊल टाकते न टाकते तोच आपला प्रश्न ठरलेला असतो : "किती मिळतील?" मग निकाल लागतो, आणि निकालाप्रमाणे पेढे तरी वाटले जातात किंवा घरात अबोला तरी सुरू होतो. आज मी ज्या परीक्षेविषयी बोलणार आहे तिच्यात यांपैकी काहीच घडत नाही. तीत बसलेल्या मुलाला गुण कळत नाहीत. त्याचे नाव कोठे छापून येत नाही. तो उत्तीर्ण होत नाही आणि अनुत्तीर्णही होत नाही. निकाल लागतो तो त्याच्या देशाचा किंवा प्रांताचा.

'प्रोग्रॅम फॉर इंटरनॅशनल स्टुडंट असेसमेंट' या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊन तिला 'पिसा' असे म्हणतात. पिसा म्हटल्यावर कोणास इटलीतील कलता मनोरा आठवला तर तेही वावगे नाही. कारण शिक्षणाची इमारत किती सरळ उभी आहे, हे ओळंबा लावून पाहण्याचाच हा उद्योग आहे. पॅरिस येथील आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने हा उपक्रम चालविला आहे. पहिली चाचणी २००० साली झाली आणि पुढे ती दर तीन वर्षांनी होत गेली. २०२१ ची फेरी करोनाच्या साथीमुळे एक वर्ष लांबून २०२२ साली झाली. त्या फेरीत ८१ देश व प्रदेश सामील झाले होते आणि सुमारे ६ लक्ष ९० हजार विद्यार्थ्यांनी ती दिली.

हिची रीत आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्या रीतीवरच उभा आहे. चाचणी इयत्तेची नसते, वयाची असते. ज्यांचे वय १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने यांच्या दरम्यान आहे आणि जी मुले सातवीत किंवा त्यापुढे शिकत आहेत, त्यांतून निवड होते. शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या जातात आणि शाळेतील मुलेही तशीच. मुख्याध्यापकांनी हुशार मुले पुढे करावीत आणि मागच्या बाकावरची घरी ठेवावीत, अशी सोय तेथे नाही. वाचन, गणित आणि विज्ञान हे तीन विषय. वेळ दोन तास. शेजारी बसलेल्या दोन मुलांपुढील प्रश्नसंच सारखे असतीलच असे नाही. सर्वांची उत्तरे एकत्र केल्यावरच चित्र पुरे होते. यास्तव एका मुलाचा निकाल असा काही निघतच नाही.

आपल्या देशाचा या परीक्षेशी आलेला संबंध थोडक्यात सांगतो. २००९ च्या फेरीचा जो वाढीव भाग २०१० साली घेण्यात आला, त्यात तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली. शिक्षणाच्या बाबतीत ही दोन्ही राज्ये आपल्याकडे पुढारलेली मानली जातात. निकाल लागला तेव्हा एकूण ७४ जणांत त्यांचे क्रमांक तळाच्या जवळ, ७२ आणि ७३ असे आले. प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीला धरून नव्हते, असे कारण त्या वेळी सांगण्यात आले, आणि पुढील फेऱ्यांपासून भारत दूर राहिला. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने पुन्हा सहभागाचा करार केला. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंडीगढच्या शाळा यांनी २०२१ च्या फेरीत बसावे असे ठरले. सरावाचे प्रश्नसंच निघाले, शिक्षकांची शिबिरे भरली. मग साथ आली, फेरी पुढे गेली आणि २०२२ साली प्रत्यक्ष चाचणी झाली तेव्हा भारत तीत नव्हता.

म्हणजे लग्नाची तयारी झाली, मांडवही पडला, आणि वऱ्हाड काही निघाले नाही! परंतु त्या तयारीच्या निमित्ताने एक प्रश्न शाळांपुढे येऊन उभा राहिला आहे आणि तो अजून तसाच आहे. अशा परीक्षेची तयारी करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे?

त्यासाठी प्रश्नांचा नमुना पाहू. चाचणीतील काही जुने प्रश्न संघटनेने सर्वांसाठी खुले केले आहेत. एका प्रश्नात दोन पिझ्झा आहेत. पिझ्झा नको असेल तर आपण घावन म्हणू. जाडी दोहोंची सारखीच. एकाचा व्यास ३० सेंटिमीटर आणि किंमत ३० नाणी. दुसऱ्याचा व्यास ४० सेंटिमीटर आणि किंमत ४० नाणी. कोणता घेणे किफायतशीर? आपल्यापैकी पुष्कळजण चटकन म्हणतील, दोन्ही सारखेच. पण खावयाचा असतो तो व्यास नव्हे, घावन! वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. किमतीचे प्रमाण तीनास चार आहे, तर खाण्याच्या ऐवजाचे प्रमाण नवास सोळा. मोठा घावन घेणेच शहाणपणाचे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र आपल्या दहावीच्या कोणत्याही मुलाला विचारा, तो झोपेतही सांगेल. परंतु प्रश्नात 'क्षेत्रफळ' हा शब्दच नाही. ते सूत्र येथे लागू पडते हे ओळखणे, हीच खरी परीक्षा आहे.

दुसरा नमुना चोऱ्यांचा. एक वार्ताहर दोन वर्षांच्या चोऱ्यांचा स्तंभालेख दाखवून सांगतो, की चोऱ्यांत प्रचंड वाढ झाली आहे. आलेखात दुसरा स्तंभ पहिल्याच्या कितीतरी उंच दिसतो. पण नीट पाहिले तर आलेखाचा पाया शून्यापासून सुरू होत नाही. तो पाचशेच्याही वर सुरू होतो. दोन्ही वर्षांचे आकडे पाचशेहून थोडे अधिक आहेत आणि फरक इनमिन आठ-नऊ चोऱ्यांचा आहे. विद्यार्थ्याला विचारले आहे, की वार्ताहराचे म्हणणे योग्य आहे काय, आणि कारण द्या. येथे 'होय' किंवा 'नाही' एवढ्याला किंमत नाही. किंमत आहे ती कारणाला. निवडणुकीच्या दिवसांत, जाहिरातींत आणि हातातील मोबाइलच्या पडद्यावर असे आलेख आपल्याला रोज भेटतात. ज्याला हा प्रश्न सुटला, तो सहजासहजी फसणार नाही.

तिसरा नमुना वाचनाचा. भिंती रंगविणाऱ्यांविषयी दोन पत्रे दिली आहेत, एक विरोधात आणि एक बाजूने. त्यांतील एक प्रश्न असा : तुमचे स्वतःचे मत कोणत्याही बाजूचे असो, या दोहोंपैकी कोणते पत्र अधिक चांगले लिहिले आहे, ते सकारण सांगा. श्रोतेहो, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जे मत आपल्याला पटत नाही, ते चांगल्या रीतीने मांडले आहे असे कबूल करता येणे, ही सुशिक्षितपणाची खूण आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेत "लेखकाने कोणता संदेश दिला आहे?" असे आम्ही विचारतो. "लेखकाने तो नीट दिला आहे काय?" असे विचारण्याचे धैर्य आम्हाला क्वचितच होते.

आता आपली मुले अशा प्रश्नांपुढे का अडखळतात? बुद्धी कमी आहे म्हणून खचित नव्हे. बाजारात आईबरोबर भाजी विकणारा मुलगा सुटे पैसे मोजताना चुकत नाही. अडचण सवयीची आहे. आमच्या वर्गात प्रश्न धड्याखालून येतो, उत्तर धड्यातून येते आणि त्या दोहोंच्या मध्ये गाईड उभे असते. धडा माहीत नसेल तर प्रश्नच नाही. न पाहिलेला उतारा पुढे ठेवला, की वर्गातून आवाज उठतो : "सर, हे पुस्तकात नाही!" या चार शब्दांत आमच्या शिक्षणपद्धतीचे सारे वर्णन येऊन जाते. मी स्वतः कॅथलिक कुटुंबात वाढलो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरे तोंडपाठ करावी लागत. पाठांतराची मी निंदा करणार नाही. चांगली गोष्ट पाठ असणे ही आयुष्यभराची शिदोरी आहे. परंतु आमचे गुरुजी पाठ झाल्यावर विचारीत, "आता हेच तुझ्या धाकट्या बहिणीला समजेल असे सांग." पाठांतर तेथे संपत असे आणि शिक्षण सुरू होत असे. ही दुसरी पायरी शाळांतून गळून पडली आहे, हे दुखणे आहे.

यावर तयारीचा सोपा मार्ग कोणता सुचतो? तोच, जो आम्हाला प्रत्येक गोष्टीवर सुचतो : शिकवणी लावा, नमुना प्रश्नसंच छापा, दर शनिवारी सराव घ्या! पिझ्झाचा प्रश्न पन्नास वेळा सोडवून घेतला तर मुले तो प्रश्नही पाठ करतील. मग चाचणीत पिझ्झाऐवजी पाण्याची टाकी आली, की पुन्हा तेच : "सर, हे पुस्तकात नाही." नमुन्यांचा थोडा परिचय अवश्य असावा. प्रश्नाचे रूप अनोळखी असल्याने मूल बिचकू नये, संगणकावर उत्तर लिहिताना त्याचा हात अडू नये, एवढ्यासाठी काही तासिका पुरेत. त्याहून अधिक सराव म्हणजे तापमापक गार पाण्यात बुडवून ताप उतरल्याचे समाधान मानणे होय. तापमापकावरचा आकडा उतरतो. रोगी आहे तेथेच असतो.

दुसरा मोह याहून वाईट आहे. आपल्या देशातील संपादणूक सर्वेक्षणेही नमुना निवडूनच होतात. २०२१ च्या नोव्हेंबरात आणि २०२४ च्या डिसेंबरात अशी राष्ट्रीय सर्वेक्षणे झाली. त्या दिवशी कच्च्या मुलाने घरी राहिलेले बरे, असे कोणाच्या मनात येऊ शकते. पिसामध्ये निवडलेल्या मुलांपैकी किमान ८० टक्के हजर असावीत असा दंडक आहे, तो याच भयापोटी. परंतु नियम बाजूला ठेवला तरी त्या मुलाचा विचार करा. जे मूल वर्गात वर्षभर दिसले नाही, ते मोजणीच्या दिवशीही दिसू नये, असे आपण म्हणतो. ज्याच्यासाठी हे सर्वेक्षण खरोखर आहे, त्यालाच आपण दाराबाहेर ठेवतो. डॉक्टर तपासावयास आले असता आजारी माणसाला माळ्यावर लपविण्यासारखेच हे झाले.

परदेशांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीचा निकाल २००१ च्या डिसेंबरात जाहीर झाला आणि जर्मनीला मोठा धक्का बसला. आपल्या शाळा जगात उत्तम, असा त्या देशाचा समज होता. निकाल सरासरीच्याही खाली आला. गरीब घरचे मूल आणि सुखवस्तू घरचे मूल यांच्यातील अंतर तेथे फार मोठे असल्याचे दिसून आले. मग साऱ्या राज्यांनी मिळून शिक्षणाची समान मानके ठरविली आणि पूर्ण दिवस चालणाऱ्या शाळा वाढविल्या. पुढे गुण सुधारले. परंतु २०२२ च्या फेरीत ते पुन्हा घसरले. पोलंडने १९९९ साली शाळांची रचना बदलून मुलांची विभागणी एक वर्ष पुढे ढकलली, म्हणजे सर्व मुले आणखी एक वर्ष एकत्र शिकू लागली. २००० ते २००६ या काळात त्या देशाचे वाचनाचे गुण ४७९ वरून ५०८ वर गेले. आरंभी ज्याचे जगभर कौतुक झाले त्या फिनलंडचे गणिताचे गुण मात्र २००६ साली ५४८ होते, ते २०२२ साली ४८४ झाले. २०२२ साली गणितात सर्वांत पुढे असलेल्या सिंगापूरला ५७५ गुण मिळाले, तर संघटनेच्या सभासद देशांची सरासरी ४७२ होती. त्या संपन्न देशांतही दहांपैकी सुमारे तीन मुले गणिताच्या किमान पातळीपर्यंत पोहोचली नाहीत. तेव्हा हा प्रश्न एकट्या आपला नाही.

या परीक्षेवर टीका होत नाही असेही समजू नका. २०१४ च्या मे महिन्यात निरनिराळ्या देशांतील अनेक शिक्षणतज्ज्ञांनी या उपक्रमाचे प्रमुख आंद्रेआस श्लायखर यांना खुले पत्र लिहिले. क्रमवारीच्या मागे लागून देश झटपट उपाय शोधतात, आणि कला, चारित्र्य, नागरिकत्व अशा मोजता न येणाऱ्या गोष्टी मागे पडतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला रास्त वाटतो. मोजपट्टी उंची सांगते, प्रकृती सांगत नाही. परंतु मोजपट्टी आवडत नाही म्हणून उंचीच नाकारणे हेही शहाणपणाचे नाही.

मग शाळांनी आणि पालकांनी करावे तरी काय? मला चार गोष्टी सुचतात, आणि त्यांपैकी एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट अशी, की मुलाच्या हाती रोज एक न पाहिलेला मजकूर पडावा. तो साहित्यिकच असला पाहिजे असे नाही. विजेचे बिल, बसचे वेळापत्रक, औषधाच्या डबीतील कागद, वर्तमानपत्रातील पावसाचे आकडे, ग्रामपंचायतीची नोटीस. "या बिलात मागच्या महिन्यापेक्षा जास्त रक्कम का आली?" एवढा एकच प्रश्न घरी विचारा. मूल युनिटे पाहील, दर पाहील, स्थिर आकार पाहील. तीत वाचन आले, गणितही आले.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. आठवड्यातून एकदा तरी असा प्रश्न फळ्यावर लिहावा, की ज्याचे उत्तर आपल्याजवळ तयार नाही. विहिरीचे पाणी मार्चमध्ये खाली का जाते? दोन दुकानांत तेलाच्या पिशवीची किंमत निराळी का? मुलांनी कारणे द्यावीत, एकमेकांची कारणे तपासावीत. चुकीचे पण विचारपूर्वक दिलेले उत्तर ऐकून घेण्याची सवय आधी आम्हा शिक्षकांना लागली पाहिजे. ज्या वर्गात चुकीला हसतात, त्या वर्गात कारण कोणी देत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या प्रश्नपत्रिकांची. शाळेच्या घटक चाचणीत निदान एक पंचमांश प्रश्न असे असावेत, की जे गाईडमध्ये सापडणार नाहीत. अर्धवट परंतु योग्य दिशेच्या उत्तराला थोडे गुण द्यावेत. पिसामध्येही काही उत्तरांना तसे गुण मिळतात. मुले परीक्षेकडे पाहूनच अभ्यास करतात, हे तर आपण जाणतो. परीक्षा बदला म्हणजे अभ्यास आपोआप बदलेल.

चौथी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या प्रदेशांत सर्वांत नाजूक आहे. ही चाचणी मूल ज्या भाषेतून शिकते त्या भाषेत घेतली जाते. गोव्यात पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत उतरतात. बेळगावकडच्या मुलाच्या वाट्याला घरची मराठी, राज्याची कन्नड आणि पुढे इंग्रजी येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतही घरची भाषा एक आणि वर्गाची दुसरी. अशा मुलाला इंग्रजी उतारा कळला नाही, की आपण म्हणतो इंग्रजी कच्चे आहे. बहुधा त्याचे वाचनच कच्चे असते. उताऱ्यातील मुद्दा शोधणे, लेखकाचा हेतू ओळखणे, न सांगितलेले ताडणे ही कला एका भाषेत हाताला लागली, की दुसरीत ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. म्हणून घरी येणारे मराठी वर्तमानपत्र मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि त्यावर बोला. इंग्रजीचा वेळ वाया गेला अशी हळहळ बाळगू नका. तो वेळ इंग्रजीच्याही खात्यावर जमा होतो.

आणखी एक छोटी सूचना. उद्या आपल्या गावातील शाळेची अशा सर्वेक्षणासाठी निवड झालीच, तर मुलांना खरे सांगा. "यात तुला गुण नाहीत, पण तुझ्या उत्तरावरून तुझ्यासारख्या हजारो मुलांना काय शिकवावयाचे राहून गेले, ते कळणार आहे. म्हणून मन लावून लिही. आणि येत नसेल तेथे कोरे ठेवण्यापेक्षा काय वाटते ते लिही." पंधरा वर्षांच्या मुलाला एवढी जबाबदारी समजते. बक्षिसाचे आमिष आणि शिक्षेचा धाक यांवाचूनही मुले कामे करतात, हे आपण एकदा करून पाहावे.

भारत पुढे या परीक्षेत उतरेल किंवा उतरणार नाही. तो निर्णय दिल्लीत होईल. आज पंधरा वर्षांची असलेली मुले मात्र तीन वर्षांत मतदार होतील. त्यांच्यापुढे कर्जाचा कागद येईल, औषधाची चिठ्ठी येईल, उंच-उंच स्तंभांचे आलेख येतील. त्या वेळी "सर, हे पुस्तकात नाही" असे सांगावयास वर्गात सर नसतील. त्यांची तयारी करून घेण्यास कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही. उद्या सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र आणि शेजारी बसून ऐकणारे एक वडीलधारे माणूस, एवढी सामग्री पुरेशी आहे.